माळ्याची कबर आणि खड्डा खणणाऱ्यांची नावं

बंगळुरूच्या होसूर रोडवर, मेथडिस्ट दफनभूमीत, एक माळी पुरलेला आहे. नाव गुस्टाव हर्मान क्रुम्बिगेल. जन्म १८६५, जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावात. मृत्यू ८ फेब्रुवारी १९५६, बंगळुरूत. नोकरीसाठी या शहरात आलेल्या आपल्या पोरापोरींनी हे नाव बहुधा ऐकलेलं नसेल, पण त्यांचं काम रोज पाहिलेलं आहे. रस्त्याकडेच्या एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्या प्रकारच्या झाडाचा सुरू व्हावा, शहर वर्षभर कुठे ना कुठे फुललेलं राहावं, ही मांडणी त्यांची. १९०८ साली ते म्हैसूर संस्थानात आले, लालबाग सांभाळली, १९३२ला निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्यांच्यावर नजरकैदेची वेळ आली, तरी ते परत गेले नाहीत. आज लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे आणि त्यांच्या कबरीची काळजी वंशजांनी घेतलेली आहे.

एका जर्मन माळ्याशी आपलं काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. मला तो प्रश्न बडोद्याकडे घेऊन जातो. क्रुम्बिगेल यांना हिंदुस्थानात आणलं ते सयाजीराव गायकवाडांनी, १८९३ साली. लंडनच्या हाइड पार्कात आणि क्यू उद्यानात शिकून तयार झालेला हा माणूस बडोदा संस्थानच्या बागांचा कारभारी झाला. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला परतले. पुढचं आपल्याला पाठ आहे. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया मोजून, पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे ठाकले. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास काढायचे कुठे? बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले. आईवडील आठवले, रडू आलं, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

कामाठी बाग म्हणजेच सयाजी बाग. ती १८७९ची, क्रुम्बिगेल यांच्या आधीची. पण त्या शहरातल्या सरकारी बागा ज्यांनी मधली पंधरा वर्षं राखल्या त्यांचे ते मुख्य होते. म्हणजे हिशेब असा झाला: समुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या माळ्याला बडोद्यात हुद्दा मिळाला, मान मिळाला. त्याच राजाच्या पैशावर अर्थशास्त्र शिकून आलेल्या आपल्या माणसाला त्याच शहरात बसायला मिळालं ते फक्त बागेत, झाडाखाली. यात क्रुम्बिगेल यांचा काही दोष नाही. झाडं लावणाऱ्याबद्दल माझ्या मनात रागही नाही. पण त्यांची कबर पाहताना मला आधी ती बडोद्याची बाग आठवते, आणि त्या कबरीवरून जो विचार सुरू होतो तो या लेखाचा विषय आहे. मेल्यानंतर कुणाच्या नावाचा दगड राहतो? आणि तो दगड बसवायला खड्डा कोण खणतो?

आमच्याकडे बाईने मसणात जायचं नाही. आजोबांच्या मातीला मी आठवीत होते, मला आणि आजीला वेशीपाशीच थांबवलं. त्यामुळे दफनभूमीत सरळ फाटकातून आत जायचं, पाटीवरची नावं वाचत फिरायचं, हे मला बंगळुरूत आल्यावर पहिल्यांदा करता आलं. होसूर रोडवर ख्रिस्ती दफनभूमींचा मोठा पट्टाच आहे. मोठी झाडं, खाली क्रॉस, काही जुन्या कबरी खचलेल्या, काहींवर ताजा शेवंतीचा हार. अक्षरं इंग्रजी, तमिळ, कन्नड. मला त्या नावांपेक्षा नावाखालच्या ओळी वाचायला आवडतात. अमक्याची बायको, तमक्या पलटणीतला, तमक्या शाळेतली मास्तरीण, तीन महिन्यांचं बाळ. तीन महिन्यांच्या बाळालाही दगड आहे. माझ्या आजीची दोन बाळं गेली, ती कुठे पुरली हे आजोबांना माहीत होतं. आजोबा गेले आणि ते माहीत असणारं माणूसही गेलं.

मेलेल्यांसाठी बाग करायची ही कल्पना युरोपची म्हणून सांगितली जाते. पॅरिसची पेर-लाशेझ १८०४ची, अमेरिकेतली माउंट ऑबर्न १८३१ची. माउंट ऑबर्न तर तिथल्या उद्यान संस्थेनेच काढली. आपल्याकडे मुंबईची शिवडीची दफनभूमी आधी अशाच एका कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. पण बागेतली कबर या देशाला नवी नव्हती. हैदर अली आणि टिपू सुलतान श्रीरंगपट्टणमला ज्या गुंबजाखाली आहेत तो बागेतच आहे, आणि लालबागेची सुरुवात १७६०च्या सुमारास करणारा तोच हैदर. राजे, साहेब, अधिकारी यांना मेल्यावर सावली मिळायची सोय इथे आधीपासून होती. शिवडीत व्हीटी स्टेशनचा वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आहे, काका बाप्टिस्टा आहेत. व्हीटीचा दगड फोडणाऱ्या, घडवणाऱ्या, डोक्यावरून वर नेणाऱ्यांपैकी कुणाची कबर कुणी दाखवू शकेल का?

साहेब लोकांनी स्वतःची मयतं फार नीट लिहून ठेवली, हे मान्य करावं लागतं. ज्युलियन जेम्स कॉटन नावाच्या अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातल्या कबरींवरचे लेख गोळा करून १९०५ साली जाडजूड ग्रंथ छापला. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये खास दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी संस्था निघाली. ती आजही नोंदी करते, डागडुजीला पैसे देते. नातवंडं-पतवंडं हजारो मैलांवरून येतात, वही उघडतात, रांग शोधतात, फूल ठेवतात. बंगळुरूत १७९१च्या वेढ्यात मेलेल्या इंग्रजांचा एक उंच स्मृतिस्तंभ होता, तो १९६४ मध्ये पाडला गेला. त्याबद्दल अजून हळहळणारे लेख येतात. मला त्या स्तंभासाठी रडू येत नाही. पण हळहळायलाही आधी काहीतरी उभं असावं लागतं. आपलं काय उभं होतं, की ते पाडलं म्हणून कुणी लेख लिहावा?

आमच्या भागात मेलेल्या माणसाला ‘माती देणं’ म्हणतात, आणि जुन्या महारवाड्यात ती खरोखर मातीच होती. सरणाला लाकूड लागतं, लाकडाला पैसा लागतो. गावाचा मसणवटा वेगळा, आमचा वेगळा. ओढ्याच्या कडेला, गायरानात, जिथे कुणी नांगर घालत नाही तिथे. वर दगडगोटे, बाभळीच्या काट्या, कुत्र्याकोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. पहिल्या दोन पावसाळ्यांत काट्या जातात, मग उंचवटा बसतो. माझे पणजोबा येसकर होते. गावात कुठलीही मयत झाली की सांगावा घेऊन पायी चार गावं हिंडायचं काम त्यांचं. दारात न जाता लांबून हाळी द्यायची, अमका गेला म्हणायचं, पुढच्या गावाला निघायचं. सरणाची लाकडं वाहायची, मढ्यावरचं कापड घ्यायचं. म्हणजे सगळ्या गावाचं मरण ज्याने तोंडाने सांगितलं, त्याचं स्वतःचं मरण कुठे लिहिलेलं नाही. सालही नाही. आजी म्हणायची, थोरल्या दुष्काळानंतर. १९५८च्या कायद्याने ही वतनं गेली. कागदावर गेली, हे आपल्यापैकी खेड्यातून आलेल्यांना सांगायला नको.

गरिबीमुळे दगड नसतो असं म्हणून हा विषय संपत नाही. जोतीराव फुल्यांचं उदाहरण घ्या. ते गरीब नव्हते, कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले होते. आणि हो, जातीने माळी. फुलांच्या धंद्यावरूनच घराण्याचं नाव फुले पडलं. त्यांनी १८८७च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला जाळू नका, मिठात पुरा. घरामागे खड्डाही खणून घेतला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीत पुरायला नगरपालिकेने परवानगी नाकारली, आणि त्यांना जाळावंच लागलं. ज्याने आयुष्यभर भटजीशिवाय लग्नं लावायला शिकवलं, त्याला मेल्यावर स्वतःच्या जागेत हवी तशी माती मिळाली नाही. नियम वस्तीतल्या आरोग्याचा असेल, मी तो वाद घालत नाही. माझं लक्ष त्याच दिवशीच्या दुसऱ्या गोष्टीकडे जातं. टिटवं कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद काढला, कारण दत्तक मुलगा यशवंत त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या. १८९० सालात! आम्हा मायलेकींना वेशीवर थांबवणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पुढे रक्षा फुलेवाड्यात आणली गेली. आज पुण्यात गंज पेठेत जाऊन आपण ज्या जागी डोकं टेकवतो, ती जागा अशी भांडून मिळालेली आहे.

आपल्या नावांचा कोरलेला दगड एका ठिकाणी मात्र आहे, आणि तो इंग्रजांनी उभारलेला आहे. भीमा कोरेगाव. १ जानेवारी १८१८च्या लढाईत कंपनीकडून मेलेल्या ४९ जणांची नावं त्या स्तंभावर आहेत, त्यांतली २२ महारांची. शेवटी ‘नाक’ असलेली नावं. ही नावं कोरणाऱ्यांना जात मोडायची नव्हती. त्यांना आपल्या पलटणीचा विजय मिरवायचा होता. पण परिणाम पाहा. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथे गेले आणि आज लाखो लोक जातात. टीकाकार विचारतात की कंपनी सरकारच्या विजयस्तंभाला का नमस्कार करता. ज्यांच्या घरात सात पिढ्यांची वंशावळ बाडात बांधून ठेवलेली आहे त्यांना हे कळणार नाही. आम्ही कंपनीला नमस्कार करत नाही. आम्ही दगडावर बोट ठेवून नाव वाचतो. त्या काळातलं एवढं स्पष्ट लिहिलेलं आपलं नाव दुसरीकडे सापडत नाही.

आता पुन्हा बंगळुरूला येते, कारण नुसता इतिहास सांगून हा लेख थांबवायचा नाही. या शहरातल्या स्मशानांत, दफनभूमींत खड्डे खणणारे, प्रेतं जाळणारे, राख भरणारे हात कुणाचे आहेत? बहुसंख्य दलितांचे. अनेक घरांत तिसरी-चौथी पिढी हेच करते आहे. एका सरकारी दफनभूमीत अशा एका अण्णांशी मी तासभर बोलत बसले होते. माझं कन्नड मोडकं, त्यांचं हिंदी मोडकं. त्यांच्याकडे वही नव्हती. पण कुठल्या झाडाच्या मुळाशी कोण आहे, कुठली कबर दहा वर्षांत पुन्हा उघडली, कुणाचं लेकरू कुणाच्या शेजारी आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. मी विचारलं, तुमचे वडील कुठे आहेत? त्यांनी भिंतीकडे हात केला. दगड नव्हता. “आम्हाला माहीत आहे ना, अक्का,” एवढंच म्हणाले. मुलगी बारावीला आहे, तिला यातलं काही सांगत नाही, असंही म्हणाले.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत हेच लोक रात्रंदिवस उभे होते. शहराबाहेर गिड्डेनहळ्ळीला खाणीच्या जागेत उघड्यावर चिता पेटवाव्या लागल्या होत्या. घरची माणसं प्रेताला हात लावायला घाबरत होती, तेव्हा यांनी लावला. मग २०२२ मध्ये कर्नाटक सरकारने या कामगारांना नवं नाव दिलं: ‘सत्य हरिश्चंद्र बळग’. बळग म्हणजे परिवार. ऐकायला गोड आहे. पण जरा थांबून विचार करा. हरिश्चंद्र राजा होता. त्याच्यावर संकट आलं म्हणून काही काळ त्याला मसणात राबावं लागलं, आणि परीक्षा संपल्यावर राज्य परत मिळालं. ज्या चांडाळाच्या हाताखाली तो राबला, त्या चांडाळाला गोष्टीच्या शेवटी काय मिळालं? त्याची परीक्षा कधी संपली? फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला पहिला सिनेमा याच राजावर काढला, आपल्या आज्यांनी पोथीतही हीच गोष्ट ऐकली, आणि सगळे रडले ते राजासाठी. राजाला चार दिवस मसणात राबावं लागलं हे दुःख, आणि बाकीच्यांनी जन्मभर राबायचं हा धर्म. कामगाराला मान द्यायचा तर हातमोजे द्या, कायम नोकरी द्या, निवृत्तिवेतन द्या, पोरांच्या कॉलेजची फी भरा. राजाचं नाव चिकटवून कामाची जात बदलत नाही.

धर्म बदलला की हे सुटतं असंही समजू नये, निदान दफनभूमीत तरी नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत सवर्ण ख्रिस्ती आणि दलित ख्रिस्ती यांच्या कबरींमध्ये भिंत होती, यावर कितीतरी वर्षं आंदोलनं झाली. देव एक, प्रार्थना एक, माती एक, मध्ये विटा. आणि हिंदू गावांचं काय सांगावं? वाणियंबाडीजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये एका दलिताचं प्रेत दोरांनी बांधून पुलावरून खाली सोडावं लागलं, कारण स्मशानाची वाट सवर्णांच्या शेतातून जात होती. महाराष्ट्रातही स्मशानाच्या वाटेवरून, शेडवरून, गायरानातल्या जागेवरून दर पावसाळ्यात तंटे होतात. बातमी येते, तहसीलदार येतो, प्रेत कुठेतरी मार्गी लागतं, वाट तशीच राहते.

सध्या बंगळुरूत, पुण्यात, मुंबईत शनिवार-रविवारी हेरिटेज वॉक निघतात. जुन्या दफनभूमींतही निघतात. मी अशा दोन-तीन फेऱ्यांना गेले आहे, सांगणारे अभ्यासू असतात, मला खूप माहितीही मिळाली. पण कर्नल, पाद्री, मेमसाहेब, वनस्पतिशास्त्रज्ञ असे एकेक थांबे घेत फिरताना बाजूला फावडं घेऊन उभा असलेला माणूस त्या माहितीत नसतो. क्रुम्बिगेल यांच्याबद्दल बोलताना लालबाग पिढ्यान्पिढ्या राखणाऱ्या तिगळा माळ्यांबद्दल कोण बोलतं? एका माणसाने शहर फुलवलं असं म्हणायला सोपं जातं. खड्डे खणून रोपं लावणारे आणि खड्डे खणून माणसं पुरणारे, दोघेही हजेरीपटावर होते. ते हजेरीपट कुठल्यातरी सरकारी कपाटात असतील. तुमच्यापैकी इतिहासात एम.ए. करणारे, पीएच.डी.चा विषय शोधणारे आहेत ना? हा विषय घ्या. मार्गदर्शक नाक मुरडतील, तरी घ्या.

हे होऊ शकतं, आणि झालेलं आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या अगदी मध्यात एका सरकारी इमारतीचा पाया खणताना काळ्या गुलामांच्या कबरी लागल्या. चारशेहून अधिक माणसांचे अवशेष वर आले. नकाशातून, शहराच्या आठवणीतून ती जागा पुसली गेली होती. काळ्या समाजाने रस्त्यावर येऊन काम थांबवायला लावलं, अवशेष सन्मानाने पुन्हा पुरायला लावले, आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. त्यांच्याकडेही नावं नव्हती. हाडं होती, काही मणी होते. आपल्याकडच्या किती गायरानांवरून आता बायपास गेले आहेत, याची यादी कुठल्याच खात्याकडे नाही. ग्रामपंचायतीकडे माहितीचा अर्ज टाकून आपल्या वस्तीच्या मसणवट्याचा गट नंबर, क्षेत्र आणि सातबाऱ्यावरची नोंद मागता येते. मी मागितली. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. जागा ‘सरकारी पड’ म्हणून लिहिलेली आहे. चार पिढ्या पुरलेल्या जागेला पड म्हणतात. ती नोंद ‘दफनभूमी’ अशी बदलून मिळावी म्हणून वस्तीतल्या सतरा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. त्यातल्या नऊ सह्या आहेत, आठ अंगठे.

त्या अर्जासोबत जोडायला तिथे पुरलेल्यांची यादी हवी होती. ती करायला मी आणि माझी चुलत बहीण आजीपाशी तीन दिवस बसलो. आजीला वाचता येत नाही, पण नावं येतात. पुरुषांची भराभर आली. बायकांची अडखळत आली, कारण बाईला सासरी नावाने कुणी हाक मारत नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, वरच्या आळीची, कुंभारगाववाली. एकेकीचं माहेर आठवून, तिथून भाऊ आठवून, मग भावाने मारलेली हाक आठवून आजी नावापर्यंत पोचायची. एकसष्ट नावं झाली. सतरा ठिकाणी नुसतं ‘बाळ’ लिहिलं आहे, त्यातली दोन आजीची स्वतःची. येसकरकी करणाऱ्या पणजोबांच्या आईचं नाव आजीला येत नाही, वस्तीत दुसऱ्या कुणाला यायचा प्रश्नच नाही. तलाठी म्हणाला, यादीत रिकामी ओळ चालत नाही, ती काढून टाका. आम्ही ती ओळ तशीच ठेवून अर्ज आवक-जावकला दिला आणि पोच घेतली.